लिनक्सची शिदोरी परक्या घरीं
(नभोवाणीवरील भाषण)

संगणकाच्या कामांत पडलेल्या माणसांच्या तोंडीं एक वाक्य वारंवार ऐकूं येतें. "माझ्याकडे तर चालत होतें!" हें तें वाक्य होय. लिहिलेला प्रोग्रॅम स्वतःच्या यंत्रावर सुरळीत चालतो, तोच दुसऱ्या यंत्रावर नेला कीं हटून बसतो, आणि मग लिहिणारा व चालविणारा यांच्यांत वादाला सुरुवात होते. या वादाचें मूळ कशांत आहे, आणि तें नाहींसें करण्याचा जो एक उपाय गेल्या दहाबारा वर्षांत रूढ झाला आहे तो कसा चालतो, हें आज आपणांपुढें मांडावें असा माझा विचार आहे. विषय नवा आहे, परंतु कठीण नाहीं. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी पुण्यास अगर मुंबईस संगणकाच्या कंपनींत नोकरीला आहे, त्या घरांत डॉकर, कंटेनर, डिपेंडन्सी हे शब्द जेवणाच्या वेळीं देखील कानांवर पडत असतात. वडील मंडळींना त्यांचा अर्थ कळला तर काय बिघडलें?

उदाहरण आमच्या रत्नागिरीचेंच घेतों. माझा एक जुना विद्यार्थी आहे. पावसच्या बाजूला त्याची हापुसाची बाग आहे. २०१८ सालीं रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या पांच जिल्ह्यांतील हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें, तेव्हांपासून पेटीवर नीट चिठ्ठी लावण्याला अधिकच महत्त्व आलें आहे. बागाईतदाराचें नांव, गांव, तालुका, किती डझन, काढणीची तारीख, इतका मजकूर असलेली मराठी चिठ्ठी पेटीपेटीला निघावी म्हणून या गृहस्थानें पायथॉन नांवाच्या संगणकभाषेंत एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला. शेजारच्या कांहीं बागाईतदारांनींहि तो वापरावयाचें ठरविलें. आपआपल्या मोबाइलवर तपशील भरावा आणि चिठ्ठीचें चित्र तयार होऊन परत यावें, अशी योजना होती. घरच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम ठेवून हें होण्यासारखें नव्हतें. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस वीज नव्हती, हें आपण विसरलों नाहीं; आणि एरव्हींहि आमच्याकडील वीज पहिल्या वळवाबरोबर रजेवर जाते. म्हणून प्रोग्रॅम मुंबईतील भाड्याच्या संगणकावर ठेवावयाचा असें ठरलें. अशा सेवा पुष्कळ आहेत. ॲमेझॉन कंपनीनें २०१४ सालीं सुरू केलेली लॅम्डा ही त्यांतील एक प्रसिद्ध सेवा असून त्या कंपनीचीं मुंबईतील केंद्रें २०१६ पासून चालू आहेत. येथें भाडें महिन्याच्या हिशेबानें नसतें; प्रोग्रॅम जितके क्षण चालेल तितक्या क्षणांचेंच द्यावें लागतें, आणि हंगाम संपल्यावर कांहींच नाहीं. आंब्याच्या धंद्याला ही व्यवस्था चांगली मानवते. फरक इतकाच कीं, घरच्या लॅपटॉपवर विंडोज ही कार्यप्रणाली होती, आणि अशा सेवांत बहुतेक सर्वत्र लिनक्स असते.

पहिल्या दिवशीं प्रोग्रॅम सुरूच झाला नाहीं. "इमेजिंग हा भाग आणतां येत नाहीं," अशा अर्थाची एक ओळ इंग्रजींत उमटली आणि सर्व थांबलें. तो भाग तर पाठविलेल्या गाठोड्यांत डोळ्यांना दिसत होता. ही अडचण दूर केल्यावर प्रोग्रॅम सुरू झाला, परंतु चिठ्ठीवर 'चिपळूण' च्या जागीं 'चपिळूण' उमटूं लागलें, आणि 'रत्नागिरी' तर आम्हां रत्नागिरीकरांनाच वाचतां येईना. यांपैकीं दुसरी अडचण मला अधिक घातक वाटते. पहिलीनें निदान आरडाओरड केली; दुसरीनें अशुद्ध चिठ्ठी निमूटपणें काढून दिली. परप्रांतीचा आंबा रत्नागिरीच्या नांवानें विकला जातो ही तक्रार जुनीच आहे. अशा स्थितींत ज्या पेटीवर गांवाचेंच नांव चुकलें आहे त्या पेटींतील हापूस खरा कशावरून, असें मुंबईच्या गिऱ्हाइकानें विचारलें तर त्याला दोष कसा द्यावा?

दोन्ही अडचणींचा उगम एकाच ठिकाणीं आहे. कोणताहि प्रोग्रॅम आज एकटा लिहिला जात नाहीं. पुरणपोळी करावयाची म्हणून आपण ऊंस लावीत नाहीं; गूळ बाजारांतून आणतों. त्याचप्रमाणें चित्र काढणें, हिशेब मांडणें, तारखा मोजणें, हीं कामें करणारे तयार संग्रह इतरांनीं लिहून ठेवलेले असतात, आणि आपला प्रोग्रॅम त्यांच्यावर अवलंबून असतो. यांनाच डिपेंडन्सी म्हणतात. मी त्यांना शिदोरी म्हणतों, कारण प्रोग्रॅम परगांवीं जावयाचा तर ती बरोबर बांधून द्यावी लागते. तेथें गेल्यावर मिळेल अशा भरंवशावर राहतां येत नाहीं. आमच्या चिठ्ठीच्या प्रोग्रॅमची मुख्य शिदोरी म्हणजे चित्रें काढणारा पिलो नांवाचा संग्रह. पिलो म्हणजे उशी. नांवें ठेवण्याची संगणकवाल्यांची तऱ्हा निराळीच आहे.

पिलोचा कांहीं भाग पायथॉनमध्यें लिहिलेला आहे. तो साधा मजकूर असल्यामुळें कोणत्याहि यंत्रावरील पायथॉन तो वाचतो आणि त्याप्रमाणें वागतो. परंतु चित्राचे लक्षावधि ठिपके रंगविण्याचें काम अशा रीतीनें फार सावकाश होईल. म्हणून तेवढा भाग सी नांवाच्या भाषेंत लिहून यंत्राच्या आज्ञांत आधींच उतरवून ठेवलेला असतो. घोटाळ्याला येथें आरंभ होतो. विंडोजचा लॅपटॉप आणि मुंबईचा लिनक्स-संगणक, दोहोंच्या पोटांतील प्रोसेसर एकाच जातीचा असूं शकतो. तो त्याच आज्ञा पाळतो. तरी देखील विंडोजसाठीं उतरविलेली फाइल लिनक्सला चालत नाहीं. मोडींत लिहिलेला दस्तऐवज मराठीच असतो, परंतु बालबोधाशिवाय दुसरी लिपि न शिकलेल्या माणसाला त्यांतील एक अक्षर लागत नाहीं. तसेंच हें आहे. विंडोजच्या अशा फाइलीचीं पहिलीं दोन अक्षरें एम आणि झेड हीं असतात. मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याचीं तीं आद्याक्षरें होत. लिनक्सच्या फाइलीच्या आरंभीं एका खुणेनंतर ई, एल, एफ हीं तीन अक्षरें येतात. मॅक संगणकाची रीत तिसरीच. शिवाय आंतील आज्ञा कार्यप्रणालीकडे सतत कांहीं ना कांहीं मागत असतात, स्मृतींत जागा द्या, फाइल उघडा, वेळ सांगा. आणि हें मागण्याची रीतहि प्रत्येक प्रणालीची वेगळी असते.

पायथॉनसाठीं असें सामान आणून देणारा पिप नांवाचा एक प्रोग्रॅम आहे. तो मोठा आज्ञाधारक खरा, पण ज्या घरांत उभा असेल त्याच घराच्या मापाचें सामान आणतो. विंडोजवर त्याला पिलो आणावयास सांगितलें कीं तो विंडोजचें पिलो आणून ठेवतो. माझ्या विद्यार्थ्यानें तेंच गुंडाळून मुंबईस पाठविलें. तेथील पायथॉन स्वतःच्या वळणाचें नांव असलेला इमेजिंगचा भाग शोधूं लागला. गाठोड्यांतल्या फाइलीच्या नांवांतच विंडोजची खूण होती, म्हणून त्यानें तिच्याकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं. भाग समोर असून सांपडत नाहीं म्हणतो याचें कारण हें.

आतां लिनक्स हें नांव एक असलें तरी घरें अनेक आहेत. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें जें लिहावयास घेतलें तें केवळ गाभ्याचें काम. त्या गाभ्याभोंवतीं निरनिराळ्या मंडळींनीं निरनिराळे संसार मांडले. कोणाचें उबुंटू, कोणाचें रेड हॅट, कोणाचें ॲमेझॉन लिनक्स. बहुतेक घरांत सी भाषेंतील मूलभूत कामें करणारा ग्लिबसी नांवाचा संग्रह असतो, पण त्याची आवृत्ति घरोघर वेगळी. ॲमेझॉन लिनक्स २ मध्यें ती २.२६ आहे, २०२३ च्या ॲमेझॉन लिनक्समध्यें २.३४, आणि उबुंटू २२.०४ मध्यें २.३५. जुन्या आवृत्तीवर उतरविलेली फाइल नव्या घरांत चालते. उलट मात्र चालेलच असें नाहीं. म्हणून "मी घरींच उबुंटू बसवून सर्व तयार करतों," असें म्हणणाराहि कधीं कधीं फसतो. या अडचणीवर पायथॉनच्या मंडळींनीं २०१६ पासून एक तोड काढली आहे. फार जुन्या लिनक्सवर उतरवून ठेवलेल्या फाइलींना ते 'मेनीलिनक्स', म्हणजे पुष्कळ लिनक्सांवर चालणारें, असा शिक्का मारतात. आणि पिपला "तूं विंडोजवर उभा असलास तरी लिनक्सच्या शिक्क्याचेंच सामान आण, आणि तयार असेल तेवढेंच आण," अशी स्पष्ट आज्ञा देतां येते. माझ्या विद्यार्थ्यानें प्रथम हाच मार्ग धरला, आणि पहिली अडचण तेवढ्यानें सुटली. ज्याची सर्व शिदोरी पिपच्या बाजारांत शिक्क्यासह तयार मिळते, त्याला पुढचा खटाटोप करण्याचें कारण नाहीं, असें माझें मत आहे.

पण 'चपिळूण' चें काय? येथें थोडें अक्षरशास्त्र सांगणें भाग आहे, आणि जन्मभर खडू हातांत धरलेल्या माणसाला त्याचा कंटाळा येत नाहीं.

संगणकांत देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमानें साठवितात. 'चि' मध्यें आधीं च येतो आणि मागाहून ऱ्हस्व वेलांटी. कागदावर मात्र वेलांटीची रेघ च च्या डावीकडे काढावी लागते. पहिलीच्या वर्गांतील मुलें नेमकी येथेंच अडखळतात; ऐकल्या क्रमानें आधीं च काढतात आणि मग वेलांटीला जागा उरत नाहीं. जोडाक्षराचेंहि तसेंच. 'त्न' म्हणजे साठवणींत त, हलन्त आणि न अशा तीन खुणा. त्यांचें एक रूप करावयाचें ज्ञान कोणाला तरी असावें लागतें. तें ज्ञान हार्फबझ नांवाच्या संग्रहांत आहे. नांव फारसी वळणाचें आहे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड या सर्वांत मराठी अक्षरें जुळविण्याचें काम हाच संग्रह करतो. पिलोमध्यें त्याच्या हाताशीं रक्म नांवाचा दुसरा एक संग्रह असतो. आपल्या 'रक्कम' या शब्दाचा उगम ज्या अरबी शब्दांत आहे तोच हा. आणि या रक्मला आणखी एक सोबती लागतो, फ्रिबिडि. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी व हिब्रू मजकुराची दिशा ठरविणें हें फ्रिबिडिचें काम. आमच्या मराठीला त्याची कवडीची गरज नाहीं. परंतु पिलोचें बांधकाम असें आहे कीं, फ्रिबिडि सांपडला नाहीं तर तें रक्मलाहि बाजूस सारतें, आणि हार्फबझचें ज्ञान तसेंच पडून राहतें. मग पिलो एकेक खूण साठवणीच्या क्रमानें कागदावर मांडीत सुटतें. चूक झाली असें त्याला वाटतच नाहीं, म्हणून तें कांहीं बोलतहि नाहीं.

पिपनें आणलेल्या तयार पिलोमध्यें २०२१ पासून रक्म अंतर्भूत आहे, पण फ्रिबिडि नाहीं. तो यंत्रावर असेल तर चालतां चालतां शोधून घ्यावयाचा अशी योजना आहे. माझ्या विद्यार्थ्यानें लॅपटॉपवर तो पूर्वींच कधीं तरी आणून ठेवला होता व नंतर ती गोष्ट त्याच्या मनांतून गेली होती. शिदोरीच्या यादींत फ्रिबिडिचें नांव नव्हतें, कारण पिपच्या यादींत पायथॉनच्या संग्रहांचींच नांवें येतात.

आमच्या जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत: मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजें आणि राजापूर. आपण कागद घेऊन पाहा. यांतील सहा नांवांत ऱ्हस्व वेलांटी नाहीं, जोडाक्षरहि नाहीं. फ्रिबिडि असो वा नसो, तीं वाचण्यासारखीं उमटतात. बिघडतात तीं तीनच. चिपळूणची वेलांटी प वर जाऊन बसते. संगमेश्वरांतील श पाय मोडका घेऊन व पासून वेगळा उभा राहतो. रत्नागिरींत तर दोन्ही दोष एकदम येतात. त आणि न दुरावतात, ग उघडा पडतो आणि शेवटच्या र ला दोन्ही बाजूंनीं दोन वेलांट्या. राजापूरच्या बागाईतदारानें चिठ्ठी काढून पाहिली असती तर त्यानें "उत्तम आहे" असेंच सांगितलें असतें.

तर आतां प्रश्न असा उरला कीं, लिनक्सवर चालणारा फ्रिबिडि विंडोजच्या घरांत बसून कसा मिळवावा? मुंबईच्या त्या संगणकांत शिरून तेथेंच तो बसवितां येत नाहीं. लॅम्डासारख्या सेवेंत भाडेकरूला आंत पाऊल ठेवूं देत नाहींत, बांधलेलें गाठोडें तेवढें घेतात. लॅपटॉपवरील विंडोज पुसून लिनक्स बसविणें हा उपाय धंदेवाईक माणसाला परवडत नाहीं. अशा वेळीं कंटेनर कामास येतो.

कंटेनर हा शब्द बंदरावरचा. २६ एप्रिल १९५६ रोजीं अमेरिकेंत 'आयडियल एक्स' हें जहाज ५८ मोठ्या पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालें, तेव्हांपासून एकाच मापाच्या पेट्यांतून माल नेण्याची पद्धत पसरत गेली, आणि १९८९ पासून न्हावाशेव्याच्या बंदरांत आपणहि ती पाहतों. आंत काय आहे याच्याशीं क्रेनला कर्तव्य नसतें. संगणकांतील कंटेनरचा हेतु हाच, आणि डॉकर हें नांवहि गोदींतल्या कामगाराचेंच.

परंतु आंतील रचना समजण्यासाठीं मला पेटीपेक्षां वाडा जवळचा वाटतो. जुन्या वाड्यांत चारपांच बिऱ्हाडें असत. विहीर एक, छप्पर एक, दिंडीदरवाजा एक. पण प्रत्येकाचें स्वयंपाकघर वेगळें, भांडीं वेगळीं, देव वेगळे. लिनक्सचा गाभा म्हणजे ती विहीर आणि तें छप्पर. कंटेनर म्हणजे एक बिऱ्हाड. त्याला स्वतःच्या फाइली, स्वतःचे संग्रह, स्वतःचा ग्लिबसी असतो, आणि भिंतीपलीकडील बिऱ्हाड त्याला दिसत नाहीं. या भिंती घालण्याची सोय लिनक्सच्या गाभ्यांतच आहे. तिला नेमस्पेस म्हणतात. कोणत्या बिऱ्हाडानें किती पाणी उपसावें, म्हणजे किती स्मृति व किती प्रोसेसर वापरावा, याचें बंधन घालणारी सीग्रुप्स ही सोय २००८ सालीं गाभ्यांत आली. दोन्ही गोष्टी होत्या, पण वापरावयास किचकट. २०१३ सालीं सॉलोमन हाइक्स यानें डॉकर पुढें आणलें आणि ही विद्या सर्वांच्या हातीं आली.

विंडोजवर लिनक्सची विहीरच नाहीं, मग बिऱ्हाड कोठें मांडावयाचें, असा प्रश्न चाणाक्ष श्रोत्यांच्या मनांत आला असेल. त्याचें उत्तर असें कीं, डॉकर विंडोजच्या किंवा मॅकच्या पोटांत लिनक्सचा एक लहानसा आभासी संगणक गुपचूप चालू ठेवतें, आणि बिऱ्हाडें त्याच्या आधारावर मांडलीं जातात. वापरणाऱ्याला ही खालची विहीर दिसत नाहीं इतकेंच.

बिऱ्हाड मांडण्यासाठीं जो तयार नमुना लागतो त्याला इमेज म्हणतात. मी प्रतिमा म्हणतों. सर्व कौशल्य ही प्रतिमा निवडण्यांत आहे. जेथें प्रोग्रॅम जावयाचा तेथील घराशीं ती तंतोतंत जुळली पाहिजे: तेंच लिनक्स, पायथॉनची तीच आवृत्ति, तोच प्रोसेसर. कोठलें तरी लिनक्स घेऊन भागत नाहीं. आल्पाइन नांवाचें एक फार सुटसुटीत लिनक्स आहे. आटोपशीर म्हणून तें घेण्याचा मोह होतो, पण त्यांत ग्लिबसीच नाहीं, मसल नांवाचा दुसराच संग्रह आहे, आणि त्यावर उतरविलेलें सामान पुष्कळदां दुसरीकडे जात नाहीं. सुदैवानें लॅम्डासाठीं ॲमेझॉननेंच आपल्या घराच्या प्रतिमा सर्वांना खुल्या ठेवल्या आहेत. पायथॉन ३.१२ ची प्रतिमा २०२३ च्या ॲमेझॉन लिनक्सवर उभी आहे. ती एकदां उतरवून घेतली कीं लॅपटॉपवर राहते. अनोळखी माणसानें बनविलेली प्रतिमा मात्र घेऊं नये. आंत कोणी काय ठेवलें आहे हें बाहेरून कळत नाहीं, आणि आपण तिला आपल्या फाइलींपाशीं नेणार असतों.

मग कृति अशी. लॅपटॉपवर एक रिकामी पेटी, म्हणजे फोल्डर, करावयाची. डॉकरला सांगावयाचें कीं या प्रतिमेचें एक बिऱ्हाड मांड, आणि माझी ही पेटी त्या बिऱ्हाडाच्या भिंतींत अशी बसव कीं ती आंतूनहि उघडेल आणि बाहेरूनहि. बिऱ्हाडांत शिरल्यावर पिपला हांक मारावयाची. तो आतां लिनक्सच्या घरांत उभा आहे. त्यामुळें वेगळी आज्ञा न देतांहि लिनक्सचें पिलो आणतो, आणि आपण तें पेटींतील 'पायथॉन' नांवाच्या कप्प्यांत ठेवावयास लावतों. नंतर त्या लिनक्सच्या स्वतःच्या भांडारांतून फ्रिबिडि मागवावयाचा, आणि त्याची फाइल पेटींतील 'लिब' नांवाच्या कप्प्यांत उतरवून घ्यावयाची. कप्प्यांचीं नांवें मनास येतील तीं देऊन चालत नाहींत. लॅम्डांत अशा गाठोड्याला लेयर, म्हणजे थर, म्हणतात. तो तेथें 'ऑप्ट' या जागीं उलगडला जातो, आणि तेथील यंत्र 'पायथॉन' व 'लिब' याच कप्प्यांत डोकावतें. काम झालें कीं बिऱ्हाड मोडावयाचें. भिंती, भांडीं, सर्व नाहींसें होतें. भिंतींतली पेटी मात्र विंडोजवर भरलेली राहते. तिच्यांतील कप्प्यांची झिप करून पाठविली कीं झालें. उलगडल्यावर सर्व मिळून २५० मेगाबाइटांच्या आंत राहावयास हवें अशी तेथील अट आहे. आमचें सामान त्यापेक्षां पुष्कळच हलकें.

फ्रिबिडिच्या फाइलीविषयीं एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण येथें पुष्कळांचा दिवस वांया जातो. लिनक्समध्यें ज्या लहान नांवानें तो शोधला जातो, ती खरी फाइल नसून खऱ्या फाइलीकडे बोट दाखविणारी पाटी असते. नुसती पाटीच विंडोजवर आली तर मुक्कामीं पोंचल्यावर तिच्यामागें कांहींच नसतें. म्हणून आंतूनच, पाटीच्या नांवानें खरी फाइल उतरवून घे असें बजावून सांगावें लागतें. इंग्रजी मोठीं व लहान अक्षरें विंडोज फाइलींच्या नांवांत एकच मानतें आणि लिनक्स वेगळीं मानतें, हाहि भेद ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

शिदोरींत आणखी एक जिन्नस राहिला, तो म्हणजे फाँट. अक्षरें जुळविण्याची विद्या असली तरी अक्षरांचीं वळणें कोठून येणार? लॅपटॉपवरील चिठ्ठ्या मंगल या फाँटांत निघत होत्या. सुप्रसिद्ध अक्षरकार र. कृ. जोशी यांनीं आंखलेला हा फाँट विंडोजबरोबर येतो. लिनक्सवर तो नसतो, आणि परवान्याच्या दृष्टीनें तो उचलून तेथें नेणेंहि योग्य नव्हे. रेड हॅट कंपनीनें मुक्त परवान्यानें प्रसिद्ध केलेला लोहित किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता, यांपैकीं कोणताहि बरोबर देतां येतो. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीला शोभेसें नांव आहे. आम्हीं मुक्ता निवडला, कारण पेटीवर चार हातांवरून तो अधिक स्वच्छ वाचतां येतो.

प्रोसेसरची गोष्ट मघांशीं निसटती सांगितली. २०२० च्या नोव्हेंबरपासून मॅक संगणकांत ॲपलचे स्वतःचे एम जातीचे प्रोसेसर येऊं लागले. त्यांच्या आज्ञा इंटेलच्या आज्ञांहून भिन्न आहेत. अशा मॅकवर डॉकरला कांहीं न सांगतां बिऱ्हाड मांडावयास लावलें तर तें त्या नव्या जातीचें मांडतें, आणि सामानहि त्याच जातीचें येतें. मुक्कामीं इंटेल-जातीचा प्रोसेसर असेल तर तसें डॉकरला आरंभींच बजावावें लागतें. मग तें एका आज्ञेचें दुसरींत भाषांतर करीत काम करतें. थोडें सावकाश चालतें, पण चालतें. लॅम्डांत २०२१ पासून दोन्ही जाती मिळतात, तेव्हां मॅकवाल्यानें तिकडेच आपल्या जातीचा प्रोसेसर मागितला तरी चालेल.

गाठोडें पाठविण्यापूर्वीं त्याची परीक्षा घरींच होऊं शकते, आणि मला तरी या सर्व पद्धतींतील हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच प्रतिमेचें दुसरें, कोरें बिऱ्हाड मांडावयाचें. त्यांत फक्त बांधलेली शिदोरी ठेवावयाची आणि प्रोग्रॅम चालवून पाहावयाचा. रक्म आणि फ्रिबिडि हाताशीं आहेत कीं नाहींत हें पिलोलाच विचारतां येतें. तें होय किंवा नाहीं असें सरळ उत्तर देतें. माझ्या विद्यार्थ्यानें त्यापुढें जाऊन नऊ तालुक्यांचीं नांवें एकाखालीं एक छापणारी चांचणी केली. तिचा निकाल कोणत्याहि यंत्राला कळत नाहीं. तो डोळ्यांनींच पाहावा लागतो, आणि त्याच्या घरीं हें काम त्याच्या आईकडे आहे.

ही सर्व कृति आतां त्यानें एका लहानशा फाइलींत ओळीनें लिहून ठेवली आहे. डॉकर ती वाचतें आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः करतें. प्रत्येक संग्रहाची आवृत्ति तींत आंकड्यानिशीं नोंदलेली आहे. "जें ताजें असेल तें आण" असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं, कारण आजचें ताजें आणि पुढच्या चैत्रांतलें ताजें एक नसतें. पायथॉनच्या प्रत्येक आवृत्तीचें आयुष्य सुमारें पांच वर्षांचें. ३.८ ही आवृत्ति २०२४ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली, आणि तिच्या मागोमाग लॅम्डानेंहि तिला रजा दिली. ३.१२ ची पाळी २०२८ मध्यें येईल. त्या वेळीं फाइलीच्या पहिल्या ओळींतील आंकडा बदलावयाचा, शिदोरी पुन्हां बांधावयाची आणि मंडणगडापासून राजापुरापर्यंतचीं नऊ नांवें पुन्हां छापून पाहावयाचीं.